टाक्यातली कोंतेसा आणि माझी सरळ रेघ

अज्ञानाने घडलेल्या चुकीला शास्त्रात प्रायश्चित्त सांगितले आहे आणि ते फारसे कठीणही नाही. ज्ञानाच्या ऐटीत घडलेल्या चुकीचे प्रायश्चित्त मात्र शास्त्रकारांनी शेजाऱ्यांवर सोपवलेले दिसते, आणि शेजारी या कामात कधीही कसूर करीत नाहीत. शिवाय जो मनुष्य दुसऱ्याला "आपण निर्धास्त असा" असे सांगतो, तो त्या क्षणी समोरच्याची काळजी उचलून आपल्या मस्तकावर ठेवीत असतो. हे वाक्य मी जुलैच्या आठव्या तारखेला, सकाळी, तेता लुक्रा यांना उद्देशून उच्चारले. त्या वेळी माझ्या हातात वही होती. वही हातात असताना आश्वासने देऊ नयेत, असे तोपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते.

तेता लुक्रा ही आमच्या शेजारची वृद्धा. आम्ही राहतो त्या बेटावर वडीलधाऱ्या स्त्रीला तेता आणि पुरुषाला बार्बा म्हणतात. या बाई वयाने माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या असल्यामुळे मीही त्यांना तेता म्हणतो. त्यांचे घर आणि माझी पत्नी दिंका हिचे माहेरचे घर यांच्यामध्ये एकच दगडी अंगण आहे, आणि त्या अंगणाखाली एकच टाके. दोन्ही छपरांवरचे पावसाचे पाणी पन्हळींतून त्या टाक्यात उतरते, आणि वर्षभर दोन्ही घरे पोहऱ्याने ते उपसून पितात. आमच्या बेटाला नदी नाही, ओढा नाही, झराही नाही. देवाने समुद्र मात्र चहूकडून सढळ हाताने दिला आहे.

त्या टाक्यात कोंतेसा राहत असे. कोंतेसा म्हणजे उमरावीण. ती वाम जातीची मासळी होती, हातभर लांब, मनगटाएवढी जाड, आकृतीने सर्पिणी आणि वृत्तीने संन्यासिनी. टाक्यात वाम सोडण्याची चाल येथे जुनीच आहे. ती डासांच्या अळ्या खाऊन पाणी निर्मळ राखते. तेता लुक्रा यांचे पती मिकुला यांनी लग्नाच्या वर्षी ती मुख्य भूमीवरच्या नदीमुखातून आणून सोडली होती. त्यानंतर मिकुला समुद्रावर गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि एकदा आलेच नाहीत. कोंतेसा मात्र एकेचाळीस वर्षे त्याच अंधारात व्रतस्थ राहिली. तेता लुक्रा रोज सकाळी टाक्याचे झाकण उघडून तिला रात्रीची सर्व हकीकत सांगत. मी त्याला संध्यावंदनाइतकेच पवित्र कर्म मानीत असे.

या वर्षी एप्रिलनंतर पाऊस झाला नव्हता. अशा वर्षी मुख्य भूमीवरून पाण्याचे जहाज येते आणि ज्यांची नावे यादीत आहेत त्यांची टाकी भरून देते. परंतु जहाजाच्या पाण्यात औषध असते.

"त्या औषधानं माझी कोंतेसा मरेल," तेता लुक्रा म्हणाल्या. "आणि नाव नाही घातलं, तर पाणी आटून मरेल. यादी परवा बंद होतेय. प्रोफेसर, तुम्ही शिकलेले आहात. पुरेल का हो पाणी पहिल्या पावसापर्यंत?"

"पुरतं कसलं?" कुंपणापलीकडून बार्बा प्रोश्पे ओरडले. या गृहस्थांनी सत्तावीस वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली होती. सातही समुद्र त्यांनी खिडकी नसलेल्या खोलीतून पाहिले असल्यामुळे त्यांची मते अत्यंत ठाम होती. "द्या ती माझ्याकडे. कांदा, टोमॅटो, थोडी लाल वाइन, मंद आच. उमरावीण आहे, उमरावासारखी जाईल!"

"तुझ्या तोंडात किडे पडोत, प्रोश्पे!"

"पडू देत. तेही तुझी कोंतेसाच खाईल ना!"

आता माझ्या वहीविषयी. मी झाग्रेबला, येथल्या राजधानीत, संस्कृत शिकवून निवृत्त झालो. गणिताशी माझा संबंध छंदांच्या मात्रा मोजण्यापुरता. तथापि जुलैच्या पहिल्या तारखेपासून, केवळ कुतूहलाने, मी टाक्यात एक जुने वल्हे उभे बुडवून पाण्याची खोली मोजीत होतो. पहिल्या दिवशी दोनशे चाळीस सेंटिमीटर भरली. दुसऱ्या दिवशी दोनशे सदतीस, तिसऱ्या दिवशी दोनशे चौतीस. आठव्या दिवशी दोनशे एकोणीस. रोज दोन्ही घरे मिळून दहा पोहरे पाणी, आणि रोज बरोबर तीन सेंटिमीटर घट! अनुष्टुभाच्या चरणात सुद्धा इतकी शिस्त मी क्वचित पाहिली आहे. मी वहीत लिहिले: खोली बरोबर दोनशे चाळीस वजा तीन गुणिले उलटलेले दिवस. ते समीकरण कागदावर काढले तेव्हा डावीकडून उजवीकडे उतरणारी एक निष्कलंक सरळ रेघ झाली. तिच्याकडे पाहून माझे डोळे पाणावले, हे मी आज प्रांजळपणे कबूल करतो.

त्या रेघेनुसार सप्टेंबरच्या आठ तारखेला, म्हणजे धाकट्या माउलीच्या, चर्चमधल्या देवमातेच्या जन्माच्या, सणाला, टाक्यात तेहतीस सेंटिमीटर पाणी शिल्लक राहणार होते. त्या सणाच्या आसपास येथे पाऊस येतोच, अशी चार पिढ्यांची साक्ष आहे. तेहतीस सेंटिमीटरमध्ये वाम सुखाने राहते.

"तेता, आपण निर्धास्त असा," मी म्हणालो. "जहाजाच्या यादीत नाव घालू नका."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या शब्दावर सोडते हं मी तिला."

नाव घालायचे नसले तरी ते कळवायला ग्रामकार्यालयात जावे लागते. ते मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ ते अकरा उघडे असते. पण दहा वाजता येथे सर्वजण मरेंदा नावाची न्याहारी करतात आणि ती अकरापर्यंत पुरते. म्हणून ते वस्तुतः नऊ ते दहा उघडे असते. श्योरा, म्हणजे श्रीमती, नेवेंका खिडकीत बसल्या होत्या.

"पाणी नको?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मग 'पाणी नको असल्याचा अर्ज' भरा."

"परंतु बाई, ज्याला पाणी हवे त्याने अर्ज करावा. ज्याला नको त्याने नुसते न करणे पुरेसे नाही का?"

"तसं केलं तर आम्हाला कळणार कसं, की तुम्ही नको म्हणताय की विसरलाय?"

या युक्तिवादाला नैयायिकही निरुत्तर झाले असते. मी अर्ज भरू लागलो. सातवा रकाना होता: टाक्याचा तळ कसा आहे?

"जसा वर तसा खाली असणार," मी म्हणालो.

"असणार असं नाही चालत. आहे की नाही ते लिहा."

"आहे," मी लिहिले. "चौकोनी." आणि वळणदार अक्षरात सही केली. दहा वाजले. खिडकी बंद झाली. आतून खारवलेल्या माशांचा वास आला.

येथून माझ्या अधःपाताला आरंभ होतो. रेघ सरळ राहण्यासाठी रोज दहाच पोहरे लागत होते, ना अधिक ना उणे. अधिकाचा बंदोबस्त सोपा होता. दिंकाने अकरावा पोहरा सोडला की मी टाक्याच्या तोंडावर वही घेऊन उभा राही.

"वासो, बाजूला हो. मला भांडी घासायचीत."

"समीकरणात भांडी नाहीत."

"मग समीकरणाला सांग जेवण बनवायला!"

माझे नाव वासुदेव. बेटावर त्याचे वासो झाले आहे.

ऑगस्टच्या मध्यावर थोरल्या माउलीच्या सणाला दिंकाचा भाचा दुये, त्याची बायको आणि तीन कन्या मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहराहून आठ दिवसांसाठी आल्या. मी त्यांना समुद्रात स्नान करण्यास सांगितले आणि खारे अंग धुण्यास प्रत्येकी एक पेला गोडे पाणी दिले. धाकट्या कन्येने विचारले, "आजोबा, केस कशानं धुवायचे?" मी म्हणालो, "श्रद्धेने." तिसऱ्या दिवशीच्या बोटीने ती मंडळी परत गेली. रेघ अबाधित राहिली. दिंका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्या शांततेत मी मोजमापे अधिक अचूक करू शकलो.

पण उणे पोहऱ्यांचे काय? जुलैच्या बावीस तारखेला दिंका आणि तेता लुक्रा डोळे तपासण्यासाठी स्प्लिटला गेल्या होत्या. दिवसभर मी एकटा. दोन पोहऱ्यांत माझे सर्व भागले. संध्याकाळी वल्हे बुडवले तर घट फक्त अर्धा सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी बिंदू रेघेच्या वर जाणार! बावीस दिवसांची तपश्चर्या आणि एक बिंदू वर! विद्वानाची अवस्था अशा वेळी कशी होते ते ज्याचे त्याने ठरवावे. मी इकडेतिकडे पाहिले, आठ पोहरे पाणी काढले आणि अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घातले.

बिंदू रेघेवर आला. मन प्रसन्न झाले.

त्यानंतर हे कर्म अधूनमधून घडत गेले. कधी तेता लुक्रा उपास करीत, कधी दिंका रुसून आईच्या बहिणीकडे जेवायला जाई. प्रत्येक वेळी उरलेले पोहरे लिंबाला मिळत. मी स्वतःला सांगत असे की वृक्षाला जल देणे हे पुण्यच आहे. लिंबाने ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात कोवळी पालवी धरली आणि पाठोपाठ फुलेही. तेता लुक्रा एकदा त्याच्याजवळ थांबल्या, बुंध्याची माती बोटाने चाचपली, माझ्याकडे पाहिले आणि आत गेल्या.

वीस ऑगस्टला पाणी नव्वद सेंटिमीटर होते. समीकरणही नव्वदच सांगत होते. त्या संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वही दाखवली.

"पन्नास दिवस, बार्बा! एकदाही चुकली नाही."

बार्बा प्रोश्पे यांनी वही उलटी धरून पाहिली. "या बेटावर सरळ काही जात नाही, प्रोफेसर. रस्ता नाही, वारा नाही, माझा जावई तर नाहीच नाही. पाणी कशाला जाईल?"

एकवीस तारखेला घट चार सेंटिमीटर झाली. मी वल्हे पुन्हा बुडवले. चारच. बावीसला पाच. तेवीसला पुन्हा पाच. चोवीसला सहा. आणि पोहरे? दहा! मी स्वतः मोजले होते, स्वतः! माझ्या मनात पहिला विचार असा आला नाही की रेघ चुकली असेल. पहिला विचार आला तो चोरीचा. शास्त्र चुकत नाही, तेव्हा मनुष्य चुकला असला पाहिजे, आणि तो मनुष्य कुंपणापलीकडचा असला पाहिजे.

दुपारी जेवणानंतर सारे बेट झोपते. त्या वेळी कुत्रेही भुंकत नाही. लागोपाठ दोन दुपारी मी लिंबाच्या आडोशाला बसून टाक्यावर पहारा ठेवला. पहिल्या दुपारी मला मुंग्या चावल्या. दुसऱ्या दुपारी मला झोप लागली, आणि डोळे उघडले तेव्हा बार्बा प्रोश्पे पोहरा हातात घेऊन समोर उभे!

"चोर!" मी गर्जलो. "एका विधवेच्या पाण्यावर डल्ला! सत्तावीस वर्षे समुद्रावर काढून हेच शिकलात?"

"डोकं फिरलंय का हो तुमचं?" बार्बा म्हणाले. "उन्हात पालथे पडला होतात. म्हटलं गेले. तोंडावर मारायला पाणी आणलं, तेही माझ्या घरचं!" असे म्हणून, बहुधा हेतूची सत्यता सिद्ध करण्यासाठी, त्यांनी तो पोहरा माझ्या अंगावर रिकामा केला.

आरडाओरड्याने दिंका बाहेर आली, तेता लुक्रा आल्या. समोरच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या.

"पाण्याची चोरी होत आहे," मी निथळत सांगितले. "रोज दोनतीन सेंटिमीटर अधिक जात आहे."

"चोर हवाय तुला?" दिंकाने कमरेवर हात ठेवले. "ज्याखाली बसलायस ते झाड बघ. सगळ्या बेटावरची लिंबं वाळून कोळसा झालीत आणि आपलं फुललंय. कोणी घातलं रे त्याला पाणी? माउलीनं?"

मी वही पाठीमागे लपवली. ती कृती इतकी बोलकी होती की समोरच्या खिडकीतली बाई म्हणाली, "ह्यानंच घातलं."

"किती पोहरे?" दिंकाने विचारले.

खोटे बोलण्याची मला सवय नाही. "एकूण त्रेचाळीस."

"का?"

"रेघ सरळ राहावी म्हणून."

यानंतर अंगणात जे हसू उसळले त्याचे वर्णन करणे माझ्या भाषेच्या मर्यादेत बसत नाही. बार्बा प्रोश्पे हसता हसता टाक्याच्या कठड्यावर बसले. एकट्या तेता लुक्रा हसल्या नाहीत.

"पण प्रोफेसर," त्या सावकाश म्हणाल्या, "ते लिंबाचं निराळं. तुम्ही म्हणताय तसं आता जे भराभर उतरतंय, ते चोरीनं नाही. टाकं खाली निमुळतं आहे. नरसाळ्यासारखं. सासऱ्यांनी खणलं तेव्हा अर्ध्यात कातळ लागला, मग जमेल तसं खाली नेलं. तेवढेच दहा पोहरे काढले तरी तिथं पाणी जास्त खाली जाणार ना?"

माझ्या डोळ्यांसमोर ती निष्कलंक रेघ वाकली. घट खरोखर समान नव्हतीच. टाक्याच्या भिंती जोवर सरळ होत्या तोवर ती मला समान दिसली, एवढेच. मी पन्नास दिवस भिंतींचा सरळपणा मोजीत होतो आणि त्याला पाण्याचा स्वभाव समजत होतो.

"तेता," मी क्षीण स्वरात म्हणालो, "हे आपण मला आधी का सांगितले नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर वहीलाच विचारत होतात."

पुढच्या शुक्रवारी मी पावणेदहाला कार्यालयात धावलो. श्योरा नेवेंका यांनी माझा अर्ज काढला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवले. "चौकोनी, असं तुम्हीच लिहिलंय. आणि ज्यानं पाणी नको म्हणून सही केलीय, त्याला या हंगामात पाणी नाही."

"पण मी ती सही चुकून केली!"

"मग 'सही चुकून केल्याचा अर्ज' आहे. तो ऑक्टोबरपासून मिळतो."

शनिवारी टाक्यात गुडघाभर पाणी राहिले, तेही कोमट आणि गढूळ. झाकण उघडले तेव्हा कोंतेसा पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेत होती. तेता लुक्रा तिला काहीच सांगत नव्हत्या. कठड्याला हात टेकून त्या नुसत्या आत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिकुलानं ती ओल्या पोत्यात गुंडाळून छातीशी धरून आणली होती. बोटीत अख्खा वेळ तिच्याशी बोलत होता, म्हणे." मला त्या क्षणी वही समुद्रात फेकावीशी वाटली.

तिला वर काढून आमच्या स्नानाच्या टबात ठेवायचे ठरले. शेजाऱ्यांनी आपापल्या टाक्यातून एकेक पोहरा पावसाचे पाणी दिले आणि प्रत्येक पोहऱ्याबरोबर एकेक उपदेश. टब भरला, मीही भरून पावलो. आता टाक्यात उतरायचे कोणी? टाक्याचे तोंड अरुंद. बार्बा प्रोश्पे यांनी खांदे घालून पाहिले आणि त्यांना बाहेर ओढायला दोघे लागले. कोकरू आणि वाइन यांवर पोसलेल्या त्या सबंध गल्लीत आत जाऊ शकेल असा एकच देह होता. बहात्तर वर्षांच्या शाकाहाराचे फळ मला असे मिळाले.

कमरेला दोर बांधून मी उतरलो. खाली चिखल, अंधार, आणि पायांना स्पर्श करून जाणारे काहीतरी गार आणि सजीव. मी स्तोत्र म्हणू लागलो.

"शेपटीकडून धरू नका!" वरून बार्बांचा आवाज घुमला. "अंजिराची पानं टाकतोय, ती हाताला लावा! खरखरीत असतात, सटकत नाही!"

पाने माझ्या डोक्यावर पडली. मी ती हातात घेतली, झडप घातली आणि चिखलात आडवा झालो. दुसरी झडप, दुसऱ्यांदा आडवा. तिसऱ्या वेळी कोंतेसा माझ्या सदऱ्याच्या बाहीत शिरली आणि गळ्यापाशी बाहेर आली. त्या वेळी मी जो शब्द उच्चारला तो कोणत्याही कोशात नाही.

"डावीकडून या!" बार्बा. "वाकू नका!" दिंका. "वाका!" समोरची बाई. मीही वर तोंड करून प्रत्येकाला उत्तर देत होतो आणि मधूनमधून स्तोत्र पुढे चालवीत होतो.

"गप्प बसा सगळे!" तेता लुक्रांचा आवाज इतका मोठा असेल असे कोणालाच वाटले नव्हते. मग हळूच, "प्रोफेसर, पोहरा आडवा ठेवा. तळाशी, भिंतीला टेकवून. आणि तुम्हीपण बोलू नका. स्तोत्रसुद्धा नको. तिला रोजचा एकच आवाज माहीत आहे."

मी पोहरा आडवा ठेवला आणि गप्प उभा राहिलो. चाळीस वर्षे व्याख्याने दिलेल्या मनुष्याला ते किती कठीण, हे सांगायला नको. वरून तेता लुक्रा बोलू लागल्या. काल कोंबडीने अंडे दिले नाही, नेवेंकाच्या मुलीचे ठरतेय म्हणतात, उजव्या डोळ्यात थोडे धूसर दिसते पण डॉक्टर म्हणाला चालेल. साध्या, रोजच्या गोष्टी. गढूळ पाण्यात एक काळी रेघ हलली. ती सरळ नव्हती. वळणे घेत घेत, मुळीच घाई न करता ती पोहऱ्याच्या काळोखात शिरली आणि तेथे आपण होऊन वेटोळे घालून बसली.

"आली," मी कुजबुजलो.

"मग वर या की," तेता म्हणाल्या.

कोंतेसा आमच्या टबात पंधरवडाभर राहिली. दुसऱ्याच दिवशी ती बाहेर पडून दिंकाच्या चपलेत सापडली. मग टबावर फळ्या आणि फळ्यांवर माझे कोशांचे सात खंड ठेवले. दिंकाने आणि मी समुद्रात स्नान केले आणि एकेका पेल्यात अंग धुतले. दुयेच्या धाकट्या कन्येने फोनवर विचारले, "आजोबा, केस कशानं धुताय?" मी फोन दिंकाच्या हाती दिला. बार्बा प्रोश्पे यांची मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली, पण पुन्हा मागायला लावली, कारण पहिल्या वेळी त्यांची बायको घरी नव्हती.

पाऊस धाकट्या माउलीच्या सणाला आला नाही. तो अकरा तारखेला सकाळी आला, आणि टाके भरण्याइतका व्हायला आणखी दोन दिवस लागले. पाणी कंबरेइतके झाले तेव्हा आम्ही कोंतेसासह पोहरा खाली सोडला. कोंतेसा बाहेर निघाली, एकदा भिंतीला लागून फिरली आणि काळोखात नाहीशी झाली.

तेता लुक्रा यांनी कठड्यावर हात टेकले. "प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "एक सांगाल? ती मला पुरेल ना? म्हणजे माझ्या आधी तर नाही ना जायची?"

या वेळी मी वही उघडली नाही. "मला माहीत नाही, तेता," मी म्हणालो. त्या हसल्या, बहुधा माझ्या तोंडून ते वाक्य प्रथमच ऐकल्यामुळे, आणि वाकून टाक्यात सांगू लागल्या की चपलेची गोष्ट आता गावभर झाली आहे.

त्या टाक्याला पाणी लाभो, त्या पाण्यात कोंतेसा सुखाने नांदो, आणि तिला सकाळी हाक मारणारे कोणीतरी वर सदैव असो.